जिम्नी घेताना गिअरबॉक्स कोणता निवडावा: मॅन्युअल, ऑटोमॅटिक आणि एक्सलच्या गिअरचा हिशेब

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून तिच्याविषयी जे काही लिहिले-बोलले गेले त्यातले बरेचसे डिकीची जागा, मागच्या सीटचा ऐसपैसपणा आणि थारच्या तुलनेत कमी असलेली ताकद यांभोवतीच फिरत राहिले. ही गाडी ज्या कामासाठी घडवली आहे त्या कामात तिचे यश ठरवणारी गोष्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचेपर्यंत किती पटींनी वाढते, ही मात्र क्वचितच चर्चेला येते. शोरूममध्ये चौकशी केली तर पाच गिअरची मॅन्युअल आणि चार गिअरची ऑटोमॅटिक असे दोन पर्याय आणि त्यांच्या किमती सांगितल्या जातात. या दोन गाड्यांच्या एक्सलमधले क्राउन-पिनियनही (चाकांना फिरवणारी शेवटची गिअरजोडी) वेगवेगळे आहेत, याचा उल्लेख सहसा होत नाही. मी या दोन्ही गाड्या मुळशी आणि वेल्ह्याच्या डोंगरवाटांवर, कोकणातल्या कातळावर आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर चालवल्या आहेत, आणि माझे मत आरंभीच सांगून ठेवतो: ज्यांना सह्याद्रीतल्या दगडधोंड्यांच्या, तीव्र उताराच्या वाटांवर गाडी न्यायची आहे त्यांनी मॅन्युअलच घ्यावी. ज्यांचा नव्वद टक्के वापर शहरात आहे आणि शेताच्या पाणंदीपलीकडे ज्यांना जायचे नाही त्यांच्यासाठी ऑटोमॅटिक पुरेशी आहे, पण तिच्यावर पुढे मोठे टायर चढवण्याचा बेत त्यांनी करू नये.

हे मत कशावर आधारले आहे ते समजण्यासाठी थोडे आकडे पाहावे लागतील. १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन दोन्ही गाड्यांत एकच आहे. ते १०५ पीएस ताकद आणि ४,००० आरपीएमला १३४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. ट्रान्सफर केसही, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलकडे पाठवणारी पेटीही, एकच आहे आणि तिच्या लो रेंजचे, म्हणजे अवघड वाटेसाठीच्या सावकाश गिअरचे, गुणोत्तर २.००२ आहे. गुणोत्तराचा आकडा जितका मोठा तितका गिअर खालचा, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. फरक पडतो तो गिअरबॉक्स आणि एक्सल या दोन ठिकाणी. मॅन्युअलच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.४२५ आणि एक्सलचे ४.०९० आहे, तर ऑटोमॅटिकमध्ये हेच आकडे अनुक्रमे २.८७५ आणि ४.३०० आहेत. तिन्ही गुणोत्तरांचा गुणाकार केला की क्रॉल रेशो मिळतो, म्हणजे लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतात ते कळते. मॅन्युअलमध्ये तो ३६ च्या किंचित वर येतो आणि ऑटोमॅटिकमध्ये जेमतेम २५. सुझुकीने ऑटोमॅटिकला एक्सलमध्ये अधिक खालचे गिअर देऊन गिअरबॉक्सची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे, पण ४.०९ ते ४.३० ही वाढ पाच टक्क्यांची आहे आणि पहिल्या गिअरमधली तूट पस्तीस टक्क्यांची, त्यामुळे हिशेब जुळत नाही.

इंजिनाचे आयडलिंग ८०० आरपीएम धरले आणि मूळचे १९५/८० आर१५ टायर असले, तर पहिल्या लो गिअरमध्ये मॅन्युअल ताशी तीन किलोमीटरपेक्षाही कमी वेगाने सरकते, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्याही मागे राहते. ऑटोमॅटिकचा हिशेब ताशी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास येतो. कागदावर हा फरक नगण्य वाटेल, पण उतारावर तो फार मोठा असतो.

कोकणात सड्यावरून खाली वाडीकडे उतरणाऱ्या जुन्या बैलगाडीच्या वाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना जांभ्याच्या पायऱ्या आठवतील. दगड खडबडीत असतो, पण पावसाळ्यानंतर त्यावर बारीक लाल मातीचा थर आणि कडेला शेवाळ असते, आणि पायरीची उंची कुठे वीतभर तर कुठे गुडघ्याएवढी भरते. अशा वाटेवर मॅन्युअल जिम्नी फोर-एलमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या लो रेंजमध्ये) पहिल्या गिअरला टाकून दोन्ही पाय पेडलवरून काढून घेतले की इंजिनच गाडीला धरून ठेवते. पुढचे चाक पायरीच्या कडेवर येते, क्षणभर टेकते, स्प्रिंग पसरत जातो, चाक खाली उतरून पुढच्या दगडाला लागते आणि मगच मागचा भार सरकतो. या सगळ्या वेळात चालकाला फक्त स्टिअरिंग सांभाळायचे असते. ब्रेकला पाय न लावल्यामुळे चाके फिरती राहतात आणि फिरते चाक निसरड्या दगडावरही आपली दिशा सोडत नाही. त्याच वाटेवर ऑटोमॅटिक 'एल' मध्ये ठेवून आणली तर गाडी पायरीवरून उतरताना वेग घेते, कारण एक तर गिअर उंच आहे आणि दुसरे म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधले (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या भागातले) तेल उताराचा भार इंजिनाकडे पूर्णपणे पोहोचवत नाही. मग प्रत्येक पायरीला ब्रेक लावावा लागतो, ब्रेक लावला की नाक खाली जाते, आणि ज्या चाकावर भार कमी आहे ते आवळले जाऊन घसरते. यावर उपाय म्हणून हिल डिसेंट कंट्रोल दिलेले आहे आणि ते काम चोख करते हेही मान्य केले पाहिजे, पण ते काम ब्रेककडूनच करून घेतले जाते. छोट्या उतारावर त्याने काही बिघडत नाही. अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या उतरणीवर मात्र ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकवर मी तरी खिंड उतरणार नाही.

रिव्हर्स गिअरचा विचार गाडी घेताना बहुधा कोणी करत नाही, पण माझ्या लेखी ही मॅन्युअलची सर्वात मोठी जमेची बाजू आहे. चढ अर्ध्यावर सुटला, चाके फिरू लागली आणि गाडी पुढे जाईना, की शहाणा चालक तिथे गाडी वळवण्याच्या भानगडीत न पडता सरळ रेषेत मागे उतरतो, कारण उतारावर आडवी झालेली गाडी कलंडते. हे मागे उतरणे जितके सावकाश तितके सुरक्षित. मॅन्युअलच्या रिव्हर्सचे गुणोत्तर ५.१५१ आहे, लो रेंज आणि एक्सल धरून ते ४२ पर्यंत जाते, म्हणजे पहिल्या गिअरपेक्षाही खाली. ब्रेक दाबून ठेवायचा, रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि मग ब्रेक हळूहळू मोकळा करायचा. गाडी ताशी अडीच किलोमीटरने मागे येते. ऑटोमॅटिकचा रिव्हर्स २.३०० आहे आणि त्याचे एकूण गुणोत्तर २० च्याही थोडे खाली राहते. निम्म्याहून कमी इंजिन ब्रेकिंग, त्यात कन्व्हर्टरची घसरण, मान मागे वळवलेली आणि पाय ब्रेकवर, ही अवस्था नवशिक्या चालकाला मी सुचवणार नाही.

आता ऑटोमॅटिकच्या बाजूने जे बोलले पाहिजे तेही मनापासून बोलतो. चढ चढताना २५ हा आकडा दिसतो तितका वाईट नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टर स्वतः टॉर्क वाढवतो. गाडी थांबलेली असताना ॲक्सिलरेटर दिला तर ही वाढ साधारणपणे दुपटीच्या जवळ जाऊ शकते. म्हणून दगडाला चाक लावून उभी असलेली ऑटोमॅटिक जिम्नी हलक्या पायाने दिलेल्या ॲक्सिलरेटरवर ज्या मऊपणाने वर चढते, तो मऊपणा मॅन्युअलमध्ये आणायला चांगला सराव लागतो. क्लच जळण्याची भीती नाही, चढावर मध्येच इंजिन बंद पडण्याची शक्यता नाही, आणि भाताच्या खाचराशेजारच्या चिखलात जिथे गिअर बदलायला क्षणभर ताकद तोडली की गाडी रुतते, तिथे अखंड ताकद मिळत राहते. शिकाऊ चालकाला चढावर गाडी नेणे ऑटोमॅटिकमध्येच सोपे जाते, यात शंका नाही. चांदणी चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीबद्दल तर वेगळे सांगायलाच नको.

मॅन्युअलचा एक खरा दोषही इथे नोंदवतो. पहिला गिअर ४.४२५ आणि दुसरा २.३०४, म्हणजे या दोघांमधली दरी जवळजवळ दुपटीची आहे. ताम्हिणीसारख्या घाटात चार माणसे आणि सामान घेऊन वळणावर वेग कमी झाला की दुसऱ्यात गाडी ओढत नाही आणि पहिल्यात ती ओरडते. मधला गिअर हवा असे सतत वाटते. लो रेंजमध्ये याचा आणखी एक परिणाम दिसतो. लो रेंजचा दुसरा गिअर एक्सल सोडून मोजला तर ४.६१ भरतो, आणि हाय रेंजचा पहिला गिअर ४.४२५ आहे, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. याचा अर्थ लो रेंज टाकल्यावर हाय रेंजपेक्षा खऱ्या अर्थाने खालचा असा एकच पुढचा गिअर हाती येतो. ट्रान्सफर केसचे २.००२ हे गुणोत्तर या गाडीला कमी आहे हे माझे ठाम मत आहे, आणि ते अडीचपर्यंत असते तर दोन्ही गाड्यांचे पुष्कळ प्रश्न सुटले असते. महिंद्रा थारमध्ये ते २.४८ आहे, शिवाय तिच्या इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर किंवा त्याहून अधिक असल्यामुळे तिथे गिअरबॉक्सची निवड इतकी निर्णायक ठरत नाही. पुण्याजवळ रांजणगावला जोडणी होणाऱ्या जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत तर ट्रान्सफर केसच ४:१ ची आहे, त्यामुळे आठ गिअरची ऑटोमॅटिक असूनही तिचा क्रॉल रेशो ७७ होतो आणि ऑटोमॅटिक उतारावर कमी पडते ही तक्रार तिथे उरत नाही. म्हणजे ऑटोमॅटिक ही जातच डोंगराला नालायक आहे असे मुळीच नाही. जिम्नीत तिच्या मागे उभे असलेले गिअर पुरेसे खाली नाहीत, एवढेच.

जिम्नीला हे अधिक जाणवण्याचे आणखी एक कारण तिच्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे एक्सलच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचात, आहे. पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफ उघडे आहेत. त्यांना यांत्रिक लॉक नाही. एखादे चाक हवेत उचलले गेले किंवा चिखलात मोकळे फिरू लागले की संगणक त्या चाकाला ब्रेक लावतो आणि मग त्याच एक्सलच्या दुसऱ्या बाजूच्या चाकाला ताकद मिळते. ही व्यवस्था फोर-एलमध्ये खरोखर उत्तम चालते, पण मोकळ्या चाकाचा ब्रेक जितका टॉर्क अडवून धरतो तितकाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो, म्हणजे इंजिनाला दोन्हींचा पुरवठा करावा लागतो. १३४ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला हा दुहेरी भार पेलायचा तर मागे खालचा गिअर हवा, आणि तो मॅन्युअलमध्ये आहे.

हमरस्त्यावर पारडे उलटे फिरते. मॅन्युअलचा पाचवा गिअर १.००० आहे, त्याच्यावर ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी गुणोत्तराचा गिअर) नाही. ताशी १०० किलोमीटरला इंजिन ३,१०० आरपीएमच्या पुढे फिरत असते आणि आवाज सतत कानाला लागतो. ऑटोमॅटिकचा चौथा ०.६९७ आहे, त्यामुळे कन्व्हर्टर लॉक असताना त्याच वेगाला इंजिन २,३०० च्या आसपास शांत असते. ही शांतता सपाटीवरची आहे, कारण खंडाळ्याचा चढ लागला की चार गिअरचा हा बॉक्स खाली उतरतो आणि गिअरमधल्या मोठ्या अंतरांमुळे इंजिन एकदम वर जाते. मायलेजच्या अधिकृत आकड्यांत मॅन्युअल १६.९४ आणि ऑटोमॅटिक १६.३९ किलोमीटर प्रतिलिटर अशी आहे, त्यामुळे इंधनाच्या खर्चावरून निर्णय करावा असे त्यात काही नाही.

टायरचा प्रश्न मी मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण नवी जिम्नी घेणारे पुष्कळ लोक पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच मोठे टायर बघू लागतात आणि एक्सलच्या गिअरचा संबंध तिथेच येतो. २३५/७५ आर१५ हा लोकप्रिय आकार मूळ टायरपेक्षा व्यासाने जवळजवळ सहा टक्के मोठा आहे. चाक मोठे झाले की प्रत्येक गिअर सहा टक्क्यांनी उंच झाल्यासारखा वागतो: मॅन्युअलचा ३६ चा क्रॉल रेशो ३४ सारखा वाटू लागतो, ऑटोमॅटिकचा २५ घसरून २३ च्या घरात येतो. मॅन्युअलला हमरस्त्यावर याचा उलट फायदाच होतो, कारण १०० च्या वेगाला इंजिन ३,००० च्या खाली येते. ऑटोमॅटिकचा चौथा गिअर आधीच उंच असल्यामुळे मोठ्या टायरवर तो किरकोळ चढालाही टिकत नाही आणि बॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सारखा वर-खाली करत राहतो.

यावरचा योग्य इलाज म्हणजे एक्सलचे क्राउन-पिनियन बदलणे, आणि इथे मॅन्युअलच्या मालकाला एक सोय आपोआप मिळते: ऑटोमॅटिकचा ४.३०० चा संच. ४.०९० च्या जागी ४.३०० आले की गिअर पाच टक्क्यांनी खाली येतात आणि २३५ च्या टायरने केलेली सहा टक्क्यांची हानी जवळजवळ भरून निघते. गाडी पुन्हा मूळच्यासारखी ओढू लागते. ऑटोमॅटिकच्या मालकासाठी मात्र या १.५ लिटर जिम्नीत कंपनीचा याहून खालचा संच येत नाही, त्याला बाहेरचा माल शोधावा लागतो. ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये जिम्नीच्या ट्रान्सफर केससाठी अधिक खालच्या गुणोत्तराचे गिअर संच मिळतात, आणि गुणाचा विचार केला तर तो मार्ग सर्वात चांगला आहे. पण आयातीचा खर्च, बसवणाऱ्याचे कसब आणि वॉरंटीवर सोडावे लागणारे पाणी या तिन्हींचा विचार आधी करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, म्हणून टायरचा आकारही आरटीओ आणि विमा या दोन्ही अंगांनी तपासून घेतलेला बरा.

क्राउन-पिनियन बदलायचे ठरवलेच तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलचे एकाच वेळी, एकाच गुणोत्तराचे बदलले पाहिजेत. एका परिचिताला एका गॅरेजमध्ये "आधी मागचे करू, पुढचे सवडीने बघू" असा सल्ला मिळाला होता, आणि तो धोकादायक आहे. जिम्नीत फोर व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टला घट्ट जोडते, मध्ये डिफरन्शिअल नसतो. दोन्हीकडचे गिअर वेगळे असतील तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतील आणि तो ताण शाफ्ट, जॉइंट किंवा ट्रान्सफर केसच्या साखळीवर निघेल. शिवाय क्राउन आणि पिनियनमधली फट आणि दातांचा संपर्क शिम (पातळ चकत्या) घालून जुळवावा लागतो. हे काम डायल गेज लावून करणारा कारागीर मिळाल्याशिवाय एक्सल उघडू देऊ नये, नाहीतर काही हजार किलोमीटरांत मागून बारीक रडका आवाज सुरू होतो आणि तो पुढे वाढतच जातो.

किमतीचा मुद्दा थोडक्यात संपवतो. गाडी बाजारात आली तेव्हा झेटा आवृत्तीची मॅन्युअल १२.७४ लाखांना होती आणि ऑटोमॅटिकसाठी १.२० लाख अधिक मोजावे लागत होते. नंतर किमती बदलत गेल्या आहेत, पण दोन्हींतला फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही. ज्याला डोंगरात जायचे आहे त्याने मॅन्युअल घेऊन वाचलेल्या रकमेतून मूळ आकाराचेच चांगले ऑल-टेरेन टायर, पुढे-मागे टो हुक आणि एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाकडे ऑफ-रोडिंगचे धडे घ्यावेत, असे मी सुचवेन.

गाडी पसंत करण्याआधी चाचणीफेरीत फोर-एल टाकून पाहण्याचा आग्रह धरा. शोरूमचे लोक सहसा गाडी मुख्य रस्त्यावर फिरवून आणतात. त्यातून गिअरिंगविषयी काहीच कळत नाही. जवळपास कच्चा उतार असेल तर गाडी तिथे पूर्ण थांबवा, मॅन्युअल असेल तर क्लच दाबून आणि ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलमध्ये घेऊन ट्रान्सफरचा दांडा फोर-एलवर आणा, पहिला गिअर किंवा 'एल' निवडा, हिल डिसेंट कंट्रोल बंद ठेवा आणि ब्रेकवरचा पाय अलगद उचला. मग तोच उतार रिव्हर्समध्ये उतरून पाहा. ही दोन्ही कामे दोन्ही गाड्यांत पाठोपाठ केली की वरचे सगळे आकडे विसरलात तरी चालेल. कच्चा उतार नसेल आणि तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवरच ही परीक्षा घ्यावी लागत असेल, तर गाडी सरळ रेषेतच ठेवा आणि खाली पोहोचताच, वळण घेण्याआधी, पुन्हा टू-एच (दोनच चाकांना ताकद देणारी नेहमीची स्थिती) करा, कारण कोरड्या काँक्रीटवर फोर व्हीलमध्ये वळवलेल्या गाडीचा ताण मोकळा व्हायला जागा मिळत नाही आणि दांडा मग अडकून बसतो.